पायापासून ताब्यापर्यंत : मोठ्या इमारतींमागचे वास्तुविशारदाचे काम

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर चेलाडी फाटा लागतो आणि तेथून आत वळले की भोर तालुक्यातील नसरापूर हे गाव येते. राजगडाकडे आणि वेल्ह्याकडे जाणारी वाट येथूनच फुटत असल्यामुळे हे गाव जुन्या काळापासून डोंगराळ मुलखाचे प्रवेशद्वार आणि बाजाराचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. शिवगंगा आणि गुंजवणी या नद्यांच्या खोऱ्यातील या भागात मातीच्या, दगडाच्या आणि लाकडाच्या एक-दोन मजली घरांची परंपरा होती. आता मात्र महामार्गालगत गृहसंकुले, शाळा-महाविद्यालयांची आवारे आणि रुग्णालये उभी राहत आहेत, आणि भोर व त्या वेळच्या वेल्हे तालुक्यांचा काही भाग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आल्यानंतर या बदलाला वेग आला आहे. अशा इमारती कशा आखल्या जातात, त्यांचे काम कोण सांभाळते आणि त्या चांगल्या किंवा वाईट का ठरतात, हे समजून घेण्याची गरज आता केवळ शहरातल्या माणसालाच आहे असे राहिलेले नाही.

एका कुटुंबाचे घर बांधणे आणि दोनशे कुटुंबांचे संकुल किंवा हजार विद्यार्थ्यांचे महाविद्यालय बांधणे यांत केवळ आकाराचा फरक नसतो. घर बांधणारा मालक स्वतः जागेवर उभा राहतो, गवंड्याशी बोलतो, न आवडलेली खिडकी दुसऱ्या दिवशी बदलून घेतो आणि शेवटी त्याच घरात राहायला जातो. मोठ्या इमारतीत पैसा एकाचा असतो, बांधणारे हात दुसऱ्यांचे असतात आणि राहणारे, शिकणारे किंवा उपचार घेणारे लोक तिसरेच असून आराखडा तयार होताना त्यांची नावेही कोणाला ठाऊक नसतात. या अनुपस्थित माणसाची गरज ओळखून ती कागदावर आणणे आणि काम संपेपर्यंत, अनेक वर्षांच्या घाईगर्दीतही, ती कागदावरून पुसली जाऊ न देणे हे वास्तुविशारदाचे खरे काम आहे. आराखडा काढणे हा या कामाचा पहिला भाग होय. त्याची राखण करणे हा दुसरा, अधिक लांबचा आणि अधिक कष्टाचा भाग होय.

व्यवसाय आणि त्याच्या सीमा

भारतात ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी वापरण्याचा अधिकार १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यक्तींपुरता ठेवला आहे. मोठ्या प्रकल्पात हा वास्तुविशारद एकटा नसतो. इमारतीचा भार कोणत्या कॉलमवरून पायात कसा उतरेल, कोणत्या बीममध्ये किती सळई लागेल याचे गणित संरचना अभियंता करतो, ज्याला बोलीभाषेत ‘आरसीसी कन्सल्टंट’ म्हणतात. पाणी, सांडपाणी, वीज, लिफ्ट आणि अग्निशमन यांचे सल्लागार वेगळे असतात. प्रत्यक्ष काम कंत्राटदार करतो आणि त्याच्या हाताखाली सेंटरिंगवाले, फिटर, गवंडी, प्लंबर, बिगारी यांच्या टोळ्या असतात. या सर्वांचे नकाशे एकमेकांवर ठेवून तपासणे, म्हणजे सांडपाण्याचा पाइप नेमका बीममधून जात नाही ना आणि जिन्याच्या वळणावर माणसाचे डोके स्लॅबला लागत नाही ना हे आधीच पाहणे, याला समन्वय म्हणतात. ज्या चुका कागदावर खोडरबराने पुसता येतात त्याच चुका जागेवर छिन्नी-हातोड्याने पुसाव्या लागतात, आणि छिन्नीचा प्रत्येक घाव इमारतीच्या आयुष्यातून काहीतरी वजा करतो. म्हणूनच अनुभवी वास्तुविशारद समन्वयावर घालवलेल्या आठवड्यांना उशीर समजत नाही.

परिसरातील जुने धडे

नसरापूरच्या परिसरात वेगवेगळ्या शतकांतील तीन बांधकामे अशी आहेत की त्यांच्याकडे व्यवसायाच्या नजरेने पाहिले असता आजच्या कामालाही दिशा मिळते. पहिले बांधकाम म्हणजे नसरापूरजवळचे बनेश्वर मंदिर. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधवलेल्या या दगडी मंदिरासमोर जिवंत झऱ्याच्या पाण्यावर भरलेली कुंडे आहेत. वनराई, झरा आणि उतार यांची जागा आधी ओळखून मग त्यांच्यात देऊळ बसवले गेले आहे, त्यामुळे पाणी वास्तूच्या विरोधात न जाता तिच्या रचनेचा भाग होऊन वाहते. या बांधकामाला ११ हजार ४२६ रुपये, ८ आणे आणि ६ पैसे खर्च आल्याचे सांगितले जाते. सहा पैशांपर्यंत हिशेब ठेवण्याची ही सवय आज कोट्यवधींच्या प्रकल्पातही तितकीच मोलाची आहे.

दुसरे बांधकाम म्हणजे भोर येथील पंतसचिवांचा, म्हणजे भोर संस्थानिकांचा, राजवाडा. १८६९ मध्ये उभारलेल्या या वाड्यात चौक, त्यांच्याभोवतीच्या लाकडी खांबांच्या पडव्या आणि दिवाणखाना अशी रचना आहे. चौक म्हणजे इमारतीच्या पोटात आकाशाकडे उघडी ठेवलेली जागा. तिच्यामुळे आतल्या खोल्यांना उजेड मिळतो, तापलेली हवा वर निघून जाते आणि वावरणाऱ्या माणसांची एकमेकांना चाहूल लागते. वाडा संस्कृतीने दिलेले हे उत्तर पुढे मोठ्या संस्थांच्या इमारतींनाही उपयोगी पडले.

तिसरे बांधकाम भाटघरचे धरण होय, आणि त्याचा धडा त्याच्या नावातून मिळतो. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांचे नाव देण्यात आले होते. याच लॉईड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या विकास खात्याने, म्हणजेच बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, गिरणी कामगारांसाठी चाळी बांधण्यास घेतल्या आणि त्या खात्याच्या आद्याक्षरांवरून त्यांना बीडीडी चाळी हे नाव पडले. मोठ्या प्रमाणावर एकसारखी घरे बांधण्याचा महाराष्ट्रातील हा पहिल्या काही प्रयोगांपैकी एक असल्यामुळे त्याचा हिशेब नीट मांडणे आवश्यक आहे.

अनेक कुटुंबांचे घर

बीडीडी योजनेचा मूळ संकल्प ५० हजार खोल्यांचा होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ चाळी आणि सुमारे १६ हजार खोल्या उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची आणि शौचालये सामाईक, असा एकच नमुना सर्वत्र वापरला गेला, आणि भिंतीही काँक्रीटच्या असल्यामुळे बांधकामाचा वेग वाढला. तरीही सुरुवातीच्या वर्षांत यांतील अनेक खोल्या रिकाम्या राहिल्या. संख्या, वेग आणि मजबुती यांचा विचार झाला होता, परंतु कामगाराला परवडणारे भाडे, गिरणीपासूनचे अंतर आणि कुटुंबाला लागणारा खाजगीपणा यांचा विचार तितका झाला नव्हता. पुढे रहिवाशांनी स्वतःच्या जगण्याने या चाळींना जिवंत केले. गणेशोत्सव, व्यायामशाळा, वाचनालये आणि सामाईक व्हरांडे यांतून शेजार निर्माण झाला. आता म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, पुनर्विकास योजनेत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर दिले जात आहे. नव्या उंच इमारतीत घर मोठे होते हे निर्विवाद. त्या व्हरांड्याने केलेले काम तेथे कोणती जागा करणार, हा प्रश्न मात्र वास्तुविशारदानेच सोडवायचा असतो.

त्या प्रश्नाचे एक विचारपूर्वक दिलेले उत्तर नवी मुंबईत बेलापूर येथे पाहायला मिळते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात तेथे आखलेल्या वसाहतीत सुमारे ८ मीटर लांब-रुंद अशा लहान चौकाभोवती सात घरे, असे तीन समूह मिळून मोठा चौक, आणि असे मोठे चौक एकत्र येऊन मोहल्ल्याचे मैदान, अशी चढती रचना आहे. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे असून कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, जेणेकरून कुटुंबाची ऐपत वाढेल तसे प्रत्येकाला शेजाऱ्याला न दुखवता घर वाढवता यावे. पुढे अनेक रहिवाशांनी घरे इतकी बदलली की मूळ घर ओळखूही येत नाही. घरे बदलली तरी मधले चौक वापरात राहू शकतात, हीच या रचनेची ताकद म्हटली पाहिजे. घरात बदल होणारच हे गृहीत धरून आखणी करणारा वास्तुविशारद त्या बदलामुळे पराभूत होत नाही.

नसरापूरसारख्या ठिकाणी जेथे जमीन अजून मुंबईइतकी अपुरी नाही, तेथे या दोन उदाहरणांची तुलना विशेष उपयोगी ठरते. संकुलातील मोकळी जागा नियमाप्रमाणे सोडावीच लागते. ती कोपऱ्यात उरलेल्या तुकड्याच्या रूपाने सोडायची की इमारतींच्या मध्यभागी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून खेळणारे मूल दिसेल अशी सोडायची, हा निर्णय आराखड्याच्या पहिल्या आठवड्यात होतो आणि पुढची पन्नास वर्षे टिकतो.

संस्थेची इमारत

निवासी इमारतीत एकच घर अनेकदा पुन्हा येते. संस्थेच्या इमारतीत मात्र वेगवेगळ्या कामांच्या जागा एकमेकांशी जोडायच्या असतात. या क्षेत्रात एका मराठी वास्तुविशारदाचे काम देशभर पायाभूत मानले जाते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आचरे येथे १९१६ मध्ये जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकले, पुढे हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला आणि १९५५ मध्ये शौकत राय यांच्यासह दिल्लीत स्वतःचे कार्यालय सुरू केले. कानपूरच्या आयआयटीचे आवार ही त्यांची गाजलेली कृती आहे, आणि त्या संस्थेचे पहिले संचालक पु. का. केळकर हेही मराठीच होते. या आवारात वर्ग, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय मध्यभागी एकत्र आणून त्यांना पायी चालण्याच्या दुमजली मार्गिकांनी जोडले आहे, आणि वाहनांचा रस्ता या गाभ्याच्या बाहेर ठेवला आहे. उन्हाळ्यात सावलीतून आणि पावसात न भिजता एका विभागातून दुसऱ्या विभागात जाता येते, आणि चालता चालता भिन्न विषयांचे लोक एकमेकांना भेटतात. विटांचे आणि उघड्या काँक्रीटचे बांधकाम निवडल्यामुळे सतत रंग देण्याचा खर्चही टळला.

पुण्यातील आयुका, म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठीय केंद्र, हे दुसरे जवळचे उदाहरण आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे आवार कोरिया यांनी आखले. काळ्या दगडाच्या भिंती, मध्यभागी पायऱ्यांनी वेढलेला कुंडासारखा चौक आणि त्यात शास्त्रज्ञांचे पुतळे अशी तेथील रचना असून, विश्वाविषयीच्या कल्पना भूमितीच्या रूपाने जमिनीवर उतरवण्याचा प्रयत्न तीत दिसतो. भोरच्या वाड्यातील चौकाने जे काम केले तेच काम येथे विद्वानांच्या संस्थेसाठी झाले आहे.

भव्य कल्पनेइतकाच संस्थेच्या इमारतीत साध्या मापांचाही मोठा वाटा असतो. राष्ट्रीय इमारत संहितेने, म्हणजे देशभरातील बांधकामासाठी तयार केलेल्या तांत्रिक नियमांच्या संग्रहाने, शाळेच्या जिन्याची रुंदी किमान १.५ मीटर आणि रुग्णालयाच्या जिन्याची किमान २ मीटर ठरवली आहे. निवासी इमारतीत एका पायरीची उंची १९० मिलिमीटरपर्यंत चालते, पण संस्थेच्या इमारतीत ती १५० मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये, असे तीत म्हटले आहे. या आकड्यांमागे माणसे आहेत: शाळा सुटताना एकदम खाली धावणारी मुले, आग लागल्यावर स्ट्रेचरवरून उतरवायचा रुग्ण आणि कठड्याला धरून चढणारी वृद्ध स्त्री. जिन्याची रुंदी कमी करून एक खोली वाढवण्याचा आग्रह जेव्हा होतो तेव्हा वास्तुविशारद या माणसांच्या वतीने नाही म्हणत असतो.

जमीन वाचणे

कोणत्याही मोठ्या कामाची सुरुवात जमिनीपासून व्हावी लागते, आणि नसरापूर परिसरातील जमीन एकसारखी नाही. नदीकाठच्या शेतांत काळी माती आहे, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टेकलेला पाया वर्षातून दोनदा हलतो, म्हणून तो तिच्याखालच्या घट्ट मुरुमापर्यंत किंवा काळ्या पाषाणापर्यंत न्यावा लागतो. डोंगराच्या पायथ्याशी वरून घसरून आलेले दगड-मातीचे थर असतात, जे दिसायला पक्के पण प्रत्यक्षात सैल असू शकतात. त्यामुळे भूखंडावर अनेक ठिकाणी चाचणीखड्डे आणि बोअर घेऊन खालचे थर तपासल्याशिवाय पायाचा नकाशा काढू नये. या तपासणीचा खर्च संपूर्ण प्रकल्पाच्या मानाने नगण्य असतो. ती टाळल्याचा खर्च मात्र भिंतींच्या तिरप्या भेगांच्या रूपाने पुढे रहिवाशांकडून वसूल होतो.

उतार आणि पूर यांचेही नियम आहेत. महाराष्ट्राच्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार १:५ किंवा त्याहून तीव्र उताराच्या डोंगरभागावर, म्हणजे पाच मीटर पुढे जाताना एक मीटर किंवा अधिक चढ असेल तेथे, बांधकामावर निर्बंध आहेत. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात: सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणारा मोठा पूर जेथवर पोहोचतो ती लाल रेषा. ३० जुलै २०१४ रोजी याच पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला, त्यानंतर सह्याद्रीच्या कुशीत काम करणाऱ्या कोणत्याही वास्तुविशारदाने उताराचा प्रश्न केवळ परवानगीचा प्रश्न मानू नये. भूकंपाच्या दृष्टीने २०१६ च्या भारतीय मानकात पुण्याचा परिसर तिसऱ्या विभागात, म्हणजे मध्यम धोक्याच्या भागात, येतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप पश्चिम महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. तळमजला पूर्ण मोकळा ठेवून तेथे केवळ खांबांवर पार्किंग करण्याची पद्धत भूकंपात धोकादायक ठरते, कारण वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि खालचा मजला लवचिक राहिल्याने सर्व ताण त्या खांबांवर येतो. म्हणून तळमजल्याचे खांब आणि काँक्रीटच्या भिंती यांची आखणी वेगळ्या काळजीने करावी लागते.

पाण्याचे गणित तर पहिल्याच दिवशी मांडले पाहिजे. संहितेप्रमाणे शहरी घरात दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले जाते आणि त्यातील ४५ लिटर शौचालयात वापरले जाते. दोनशे घरांच्या संकुलात प्रत्येक घरी पाच माणसे धरली तर रोज १ लाख ३५ हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे तेरा-चौदा टँकर, इतके पाणी लागेल. त्यातील ४५ हजार लिटर पाणी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून पुन्हा वापरता येते, पण त्यासाठी शौचालयाकडे जाणारा नळ पहिल्यापासून वेगळा टाकलेला असावा लागतो. एक हजार चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक हजार लिटर पाणी जमते. वेल्ह्याकडच्या घाटमाथ्यावर धो-धो पडणारा पाऊस पूर्वेकडे येताना ओसरत असला तरी नसरापुरात गच्चीवरून वाहून जाणारे पाणी वाया घालवण्याइतके थोडे निश्चितच नाही. बनेश्वरच्या बांधणाऱ्यांनी झरा जपून कुंडे बांधली. त्याच परिसरात झरे बुजवून पाणी टँकरने आणणारी संकुले उभी राहू नयेत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

कामाचे व्यवस्थापन

बांधकाम सुरू झाल्यावर वास्तुविशारदाचे काम संपते असा समज सार्वत्रिक असला तरी वस्तुस्थिती उलट आहे. प्रत्येक नकाशावर क्रमांक, तारीख आणि कितवी सुधारणा आहे याची नोंद असावी लागते, कारण जुना नकाशा हातात घेऊन केलेले काम ही मोठ्या प्रकल्पांतील नेहमीची आणि महागडी चूक आहे. नवी प्रत जागेवर गेली की जुनी परत घेणे, हा नियम दिसायला कारकुनी वाटतो, पण तो पाळला नाही तर सातव्या मजल्यावरचा दरवाजा एका जागी आणि आठव्यावरचा दुसऱ्या जागी निघतो.

काँक्रीटचा दर्जा डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून ओतताना त्याचे १५० मिलिमीटरचे घन, ज्यांना जागेवर ‘क्यूब’ म्हणतात, भरून ठेवले जातात आणि २८ दिवसांनी यंत्रात दाबून त्यांची ताकद पाहिली जाते. भारतीय मानक ४५६ नुसार ५ घनमीटरपर्यंतच्या कामासाठी एक, १५ पर्यंत दोन, ३० पर्यंत तीन आणि ५० घनमीटरपर्यंत चार नमुने घ्यावे लागतात, आणि प्रत्येक नमुन्याचे तीन घन असतात. साचा, म्हणजे शटरिंग, काढण्याचीही मुदत ठरलेली आहे: साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवावे लागतात, तर सहा मीटरपेक्षा लांब बीमखालचे टेकू २१ दिवस ठेवावे लागतात. हे दिवस साध्या सिमेंटचे आहेत. राखमिश्रित सिमेंट वापरले असेल तर ताकद हळू येत असल्यामुळे मुदत वाढवावी लागते. काँक्रीट वाळू न देता ओले ठेवणे, ज्याला ‘क्युरिंग’ म्हणतात, ते साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या उन्हाळ्यात १० दिवस किंवा त्याहून अधिक करावे लागते. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असलेल्या ठिकाणी नेमके हेच काम सर्वांत आधी कापले जाते, आणि त्याचे परिणाम दहा-पंधरा वर्षांनी गळक्या गच्चीच्या आणि गंजलेल्या सळयांच्या रूपाने दिसतात.

पैशाचे व्यवस्थापन हा याच कामाचा भाग आहे. कंत्राटदाराला पूर्ण झालेल्या कामाच्या मोजमापावर टप्प्याटप्प्याने रक्कम दिली जाते. अशा बिलाला चालू देयक म्हणतात आणि त्यातून काही टक्के रक्कम दोषदुरुस्तीच्या हमीपोटी राखून ठेवली जाते. मोजमाप खरे आहे आणि काम नकाशाप्रमाणे आहे हे तपासून मगच वास्तुविशारद शिफारस करतो. बिल अडवण्यात जितका अन्याय आहे तितकाच न झालेल्या कामाचे बिल मंजूर करण्यात आहे, कारण पहिल्याने मजुराची मजुरी थकते आणि दुसऱ्याने रहिवाशाची फसवणूक होते.

त्या मजुराचा विचारही आराखड्यात असावा. मोठ्या बांधकामावर शेकडो माणसे वर्षानुवर्षे राहतात, आणि १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यांनी त्यांच्यासाठी पिण्याचे पाणी, शौचालये, तात्पुरता निवारा आणि पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर यांची तरतूद केली, तसेच बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का उपकर त्यांच्या कल्याणासाठी ठरवला. झोपड्या कोठे असतील, त्यांच्यापर्यंत पाणी कसे पोहोचेल, मुले कामाच्या जागेपासून दूर कशी राहतील हे जागेच्या पहिल्या मांडणीत दाखवणारा वास्तुविशारद कामाचा दर्जाही राखतो, कारण नीट जेवलेला आणि झोपलेला फिटर सळईचे अंतर चुकवत नाही.

कायदा, प्रमाणपत्र आणि जबाबदारी

घर घेणाऱ्याच्या दृष्टीने स्थावर संपदा कायद्याने या व्यवसायाची जबाबदारी स्पष्ट केली. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून काम सुरू केलेल्या महारेरा या प्राधिकरणाकडे ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरील आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, आणि त्या खात्यातून पैसे काढताना काम किती टक्के झाले याची प्रमाणपत्रे वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल यांनी द्यावी लागतात. म्हणजे वास्तुविशारदाची सही आता केवळ नकाशावर नसून शेकडो कुटुंबांच्या बचतीच्या कुलपावर असते. मंजूर आराखड्यात इमारतीविषयी मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेत दोष आढळल्यास विकासकाने तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असल्यास २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरीही घ्यावी लागते.

कायदा किमान मर्यादा ठरवतो. चांगली वास्तू त्या मर्यादेच्या वर सुरू होते. खिडकी नियमाइतकी मोठी असू शकते आणि तरीही तिच्यातून शेजारच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही असे होऊ शकते. हे अंतर भरून काढण्यासाठी नियम नाही. तेथे वास्तुविशारदाची जाणीव आणि ग्राहकाचा आग्रह हेच उपयोगी पडतात.

ताब्यानंतरची पन्नास वर्षे

इमारत बांधायला तीन ते पाच वर्षे लागतात आणि ती पन्नास वर्षांहून अधिक काळ वापरली जाते, म्हणून खरे व्यवस्थापन ताब्यानंतर सुरू होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या दरवर्षी किमान ०.२५ टक्के रक्कम सिंकिंग फंड म्हणून, म्हणजे पुढील मोठ्या दुरुस्तीची किंवा पुनर्बांधणीची गंगाजळी म्हणून, आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधी म्हणून घेण्याची तरतूद आहे. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, करून घ्यावे असेही त्यांत सांगितले आहे. अनेक संस्था मासिक देखभाल शुल्क कमी दाखवण्यासाठी हे निधी टाळतात आणि वीस वर्षांनी एकाच वेळी लाखो रुपयांच्या वर्गणीला सामोऱ्या जातात.

दुरुस्तीच्या वेळी सर्वांत मोठी अडचण पैशाची नसते. जमिनीखाली आणि भिंतीआड काय आहे हे कोणालाच माहीत नसते. बांधकामाच्या ओघात पाइप सरकतो, वीजवाहिनी दुसऱ्या बाजूने जाते, एखाद्या कॉलमचे माप वाढते, आणि मंजूर नकाशात यांपैकी काहीच दिसत नाही. म्हणून काम पूर्ण झाल्यावर प्रत्यक्षात जसे बांधले तसे दाखवणारे नकाशे तयार करून ते संस्थेच्या हाती देणे हे वास्तुविशारदाचे अखेरचे आणि कदाचित सर्वांत दुर्लक्षित कर्तव्य आहे. बनेश्वरच्या बांधकामाचा खर्च पावणेतीनशे वर्षांनंतरही आणे-पैशांसह सांगता येतो, तर विसाव्या किंवा एकविसाव्या शतकातील संकुलाची जलवाहिनी कोठून जाते हे दहा वर्षांनी सांगता येऊ नये, ही स्थिती स्वीकारण्यासारखी नाही.

नसरापूर आणि भोर-वेल्ह्याचा परिसर आज अशा टप्प्यावर आहे की बहुतेक मोठ्या इमारती अजून बांधायच्या आहेत, त्यामुळे चुका दुरुस्त करण्याऐवजी त्या टाळण्याची संधी येथे शिल्लक आहे. घर घेणाऱ्या कुटुंबाने आणि संस्था उभारणाऱ्या विश्वस्तांनी दराबरोबर आणखी चार गोष्टी लेखी मागाव्यात: मातीच्या तपासणीचा अहवाल, उन्हाळ्यातील पाण्याचा हिशेब, क्यूब चाचण्यांची नोंदवही आणि जसे बांधले तसे नकाशे. ही चार कागदपत्रे मागणारे ग्राहक वाढतील तेव्हा ती तयार ठेवणारे वास्तुविशारद आणि विकासकही वाढतील. ताबा घेताना किल्लीबरोबर ही कागदपत्रेही मागून घ्यावीत आणि संस्थेच्या दप्तरात पुढच्या पिढीसाठी जपून ठेवावीत.